माल्कमपेठ (महाबळेश्वर)

महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावर वसविण्यात आलेले नियोजित आरोग्यनगर. आज हे नगर महाबळेश्वर या नावानेच सर्वत्र ओळखले जाते. तथापि १८२९ मध्ये ते वसविले गेले तेव्हा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावावरून त्याला ‘माल्कमपेठ’ असे नाव मिळाले. महाबळेश्वर हे मूळचे तीर्थक्षेत्र येथून सु. ६ किमी. अंतरावर असून त्यास ‘क्षेत्र महाबळेश्वर’ किंवा ‘जुने महाबळेश्वर’ म्हणतात. एकाच पठारावरील या दोन वस्त्यांपैकी एक श्रद्धेतून हळूहळू वाढली, तर दुसरी एका तहाने, एका जाहीरनाम्याने व आखलेल्या रस्त्यांनी अस्तित्वात आली. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय या नगराचा इतिहास उलगडत नाही.

हे नगर समुद्रसपाटीपासून सु. १,३७२ मी. उंचीवर आहे; पठाराचा सर्वोच्च भाग म्हणजे सिंदोळा टेकडी (विल्सन पॉइंट) १,४३८ मी. उंच आहे. साताऱ्यापासून ते सु. ५५ किमी., वाईपासून सु. ३२ किमी. व पुण्यापासून सु. १२० किमी. अंतरावर आहे. पठाराचा पाया काळ्या कातळाचा (बेसाल्टचा) असून माथ्यावर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून मुरते, खालच्या चिकणमातीच्या व कातळाच्या थरापाशी अडते आणि पठाराच्या कडांना झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानला जातो, त्यामागील भूशास्त्रीय कारण हेच होय. पश्चिमेचा कडा कोकणात एकदम तुटलेला असल्यामुळे अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे या भिंतीवर आदळून वर चढतात. परिणामतः येथे वर्षाकाठी सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेस अवघ्या १९ किमी. वरील पाचगणीत मात्र पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारसा अधिक नसतो. या एका गोष्टीने दोन्ही ठिकाणांचे भवितव्य वेगवेगळे ठरविले.

पूर्वेतिहास : देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकाच्या आरंभी कृष्णेच्या उगमापाशी देवालय व कुंड बांधल्याची परंपरा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत हा प्रदेश जावळीच्या मोऱ्यांच्या ताब्यात होता. १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जावळी घेतली व लगेच प्रतापगडाची उभारणी झाली. १६६५ च्या जानेवारीत महाराजांनी क्षेत्र महाबळेश्वरी मातोश्री जिजाबाई व वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. यात्रेकरू, देवस्थानचे पुजारी, उतारावर नाचणी-वरी पिकविणारे कुळवाडी, कोळी, धनगर आणि जांभ्यातील लोहखनिज वितळवून लोखंड करणारे धावड हे पठाराचे जुने रहिवासी. पठार निर्मनुष्य होते व इंग्रजांनी ते ‘शोधून काढले’, असे जुन्या प्रवासवर्णनांतून सुचविले जाते. ते अर्थातच खरे नाही. इंग्रजांनी शोधला तो येथील हवेचा एक नवा उपयोग.

आरोग्यनगराची कल्पना : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील वैद्यांनी समुद्रस्नान व सागरी हवा यांची शिफारस करण्यास प्रारंभ केला आणि ब्राइटनसारखी किनाऱ्यावरची विश्रामनगरे भराभर वाढली. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी प्रथम तोच मार्ग अनुसरला. मुंबई इलाख्यात सावित्रीच्या मुखावरील बाणकोट आणि किनाऱ्यापासून थोडे आत, जरा उंचावर असलेले दापोली ही ठिकाणे त्यांनी आरोग्याच्या दृष्टीने उपयोगात आणली. दापोलीस लष्करी छावणी होती व ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्याचीच खूण आहे. परंतु उत्तरेकडील थंड समुद्राचा गुण कोकणच्या दमट व उष्ण किनाऱ्यास येणे शक्य नव्हते. हिवताप, आमांश व यकृताचे विकार यांनी खंगलेल्या गोऱ्या सैनिकास मायदेशी पाठवावयाचे, तर केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास घडे. त्याचा खर्च मोठा असे व रोगी वाटेतच दगावण्याची भीती असे. तेव्हा इंग्लंडातील किनाऱ्याची जागा हिंदुस्थानात डोंगरांनी घेतली. निलगिरीवरील ऊटकमंड, हिमालयातील सिमला व दार्जिलिंग ही याच विचाराची फळे होत. दार्जिलिंगची जमीन सिक्कीमच्या राजाकडून आरोग्यधामासाठी म्हणून १८३५ मध्ये घेण्यात आली. महाबळेश्वरच्या बाबतीत तशीच देवघेव त्याआधी सहा वर्षे झालेली होती.

स्थापना : १८२४ मध्ये साताऱ्यास असलेला पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी पठारावर चढून आला आणि पश्चिमेकडील एका अरुंद कड्याच्या टोकापर्यंत गेला. या ठिकाणच्या हवेची त्याने वृत्तपत्रांतून प्रसिद्धी केली. पुढे तो जनरल झाला. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने १८७४ मध्ये त्या टोकावर स्मारकस्तंभ उभारला. तोच आजचा लॉडविक पॉइंट.

पठारावर नगर वसविण्यास सर्वांत मोठी अडचण रस्त्याची होती आणि ती दूर केली साताऱ्याच्या राजाने. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याच्या लहानशा राज्यावर बसविले होते. महाबळेश्वरचे पठार त्यांच्या राज्यात होते. रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याच्या आग्रहावरून प्रतापसिंहांनी साताऱ्याहून पठारापर्यंत उत्तम रस्ता तयार करविला. प्रतापसिंह रस्ते, पाणीपुरवठा व शिक्षण यांत मनापासून रस घेणारे राज्यकर्ते होते, त्यामुळे हे काम केवळ दडपणाखाली झाले असे म्हणता येणार नाही. तथापि नगराच्या स्थापनेचे श्रेय देताना बहुतेक लेखक माल्कमवर थांबतात आणि ज्याच्या खजिन्यातून वाट तयार झाली त्याचा उल्लेख ओझरता करतात, हे योग्य नव्हे.

सर जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२८ मध्ये त्याने पठाराची पाहणी केली आणि त्याच वर्षी आजारातून उठणाऱ्या गोऱ्या सैनिकांसाठी येथे एक रुग्णालय सुरू करण्यात आले. प्रयोग समाधानकारक वाटल्यावर १६ मे १८२९ रोजी छत्रपतींशी तह झाला. त्यान्वये नव्या वसाहतीची जमीन कंपनी सरकारकडे आली आणि तिच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव छत्रपतींना देण्यात आले. व्यापारी व कारागिरांनी येथे येऊन राहावे यासाठी जाहीरनामा काढण्यात आला व पेठेस माल्कमचे नाव देण्यात आले. गाव देऊन पठार घेण्याचा हा सौदा कागदोपत्री समसमान दिसतो. प्रत्यक्षात, दोन पक्षांपैकी एक दुसऱ्याच्या मर्जीवर गादीवर होता. पुढे दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक याच्या कारकीर्दीत प्रतापसिंहांना कटाच्या आरोपावरून पदच्युत करून बनारसला पाठविण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली, पण ती निष्फळ ठरली. १८४७ मध्ये प्रतापसिंहांचा बनारसलाच अंत झाला. महाबळेश्वरच्या एका टोकास कार्नॅकचे नाव देण्यात आले.

रचना : माल्कमपेठेची आखणी युरोपीय नगररचनेतील चौकटीबंद पद्धतीची नव्हती, ती पठाराच्या चढउतारांना धरून होती. मध्यभागी बाजारपेठ व तिच्या भोवती दूरदूर विखुरलेले बंगले अशी तिची साधी विभागणी होती. बाजाराचा रस्ता (सध्याचा डॉ. साबणे रस्ता) हा एकच भाग दाट वस्तीचा, तेथे वाणी, पारशी व बोहरी दुकानदार, शिंपी, चांभार, नानवाई इत्यादींनी बस्तान बसविले. बंगल्यांसाठी झाडीतील प्रशस्त जागा भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. प्रत्येक बंगल्याला स्वतःची वाट, नोकरांच्या खोल्या, घोड्यांचा तबेला व भोवताली राखलेले रान असे. जांभ्याचे चिरे येथेच निघत असल्याने भिंती त्याच दगडाच्या बांधीत. कड्यांच्या टोकांपर्यंत घोड्यावरून किंवा पालखीतून जाता येईल अशा बेताच्या चढाच्या वाटा काढण्यात आल्या. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड, बाँबे, केट्स अशी या टोकांची नावे म्हणजे इंग्रजी अंमलाची एक वंशावळच होय. आर्थर्स सीट हे नाव आर्थर मॅलेट या सनदी अधिकाऱ्याचे. त्याची पत्नी व तान्ही मुलगी १८५३ मध्ये बाणकोटच्या खाडीत नाव बुडून मरण पावल्या होत्या. सावित्रीचे खोरे ज्या कड्यावरून दिसते त्यासच त्याचे नाव मिळालेले आहे.

मुंबईचा सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ मध्ये येथेच वारला. त्याचा स्मारकस्तंभ आहे. क्राइस्ट चर्च १८४२ मधील, तर फ्रिअर हॉल हे वाचनालयाचे सभागृह १८६४ मधील. नगरास पाण्याची टंचाई भासू लागल्यावर प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधविला. आज नौकाविहाराची जागा म्हणून हा तलाव प्रसिद्ध असला, तरी तो मुळात पाणीपुरवठ्याचे काम आहे. आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले आणि पठाराभोवतालचा सारा मुलूखही इंग्रजांकडे गेला.

चिनी कैदी व नवी पिके : सु. १८३४ पासून येथे एक तुरुंग होता. त्यात मलाया-सिंगापूरकडून पाठविलेले चिनी व मलायी कैदी ठेवीत. नगराचे रस्ते बांधण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामी त्यांचे श्रम वापरण्यात आले. फावल्या वेळी ते बागाईत करीत. बटाटा व इतर विलायती भाज्यांची लागवड, तसेच वेताच्या व बांबूच्या टोपल्या विणण्याची कला त्यांनी येथे रुजविली असे मानतात. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या बागांजवळील धबधब्यास ‘चायनामन्स फॉल’ हे नाव राहिले; कैद्यांपैकी कोणाचेही नाव मात्र येथील नकाशावर नाही. १८६० नंतर लिंगमळ्याजवळ सरकारने सिंकोनाच्या लागवडीचा प्रयोग केला. हिवतापावरील क्विनीन त्या झाडाच्या सालीपासून मिळते. चार महिने अतिवृष्टी व पुढे आठ महिने कोरडी हवा हा येथील क्रम त्या झाडास मानवला नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. स्ट्रॉबेरीने मात्र जीव धरला. बंगल्यांच्या परसांतील हे हौशी फळ पुढे पठारावरील शेतकऱ्यांचे मुख्य नगदी पीक झाले व २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक निर्देशांक मिळाला.

हंगाम व प्रवास : हे नगर वर्षभर जागे नसे. मार्च-अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मुख्य हंगाम आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा लहान हंगाम, असे त्याचे वर्ष होते. मुंबई सरकारचा परिपाठही असाच ठरून गेला : हिवाळा मुंबईस, पावसाळा पुण्यास व उन्हाळा महाबळेश्वरी. गव्हर्नरामागून त्याचे सचिव, दप्तरे, संस्थानिक, वकील व धनिक व्यापारी येत. पाऊस सुरू होण्यापूर्वी बंगल्यांच्या भिंती गवताच्या जाड झडींनी झाकून टाकीत, सामान हलवीत व माळ्याच्या हवाली घर करून सारे खाली उतरत. मागे राहत ते बाजारातील थोडे दुकानदार आणि पठाराचे मूळ रहिवासी. वर्षाची मिळकत तीन-चार महिन्यांत करावयाची व उरलेले महिने तीवर काढावयाचे, ही येथील बाजाराची रीत आजही पुरती मोडलेली नाही.

आरंभी मुंबईहून येणारा प्रवासी गलबताने बाणकोटास, तेथून सावित्रीच्या खाडीने महाडकडे व पुढे पार घाटाने पालखीतून वर येई. पठाराच्या पायथ्याशी असलेल्या त्याच पार गावाने १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ पाहिला होता. १८७० नंतरच्या दशकात पोलादपुराहून आंबेनळीचा (फिट्झजेरल्ड) घाटरस्ता पुरा झाल्यावर गाडी थेट वर येऊ लागली. लोहमार्ग पुण्यापर्यंत व नंतर साताऱ्याच्या दिशेने गेल्यावर वाठार स्थानकावर उतरून टांग्याने वाई व पसरणी घाटमार्गे येणे सोयीचे झाले. सागरी वाट मागे पडली आणि तिच्याबरोबर बाणकोटचे महत्त्वही ओसरले.

अतिवृष्टीमुळे रोग्यास बारमाही ठेवता न येणे हा माल्कमच्या योजनेतील मूळचा दोष होता. जॉन चेसन याने १८५० नंतरच्या दशकात पर्जन्यछायेतील पाचगणी निवडून तेथे युरोपीयांची कायम वस्ती वसविली, ती हा दोष टाळण्यासाठीच. शाळा व क्षयरोग्यांची आरोग्यधामे पुढे पाचगणीस झाली. महाबळेश्वर विश्रांतीचे व सरकारी उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण राहिले. आरोग्यनगराचे विश्रामनगर झाले ते असे.

रानाचे व रहिवाशांचे प्रश्न : बंगलेवाल्यांना हवे असलेले रान आणि कुळवाड्यांना हवे असलेले रान एकच होते. जांभूळ, पिसा, अंजनी, हिरडा, गेळा यांच्या या खुरट्या सदाहरित वनात उतारावर राब भाजून फिरती शेती करण्याची जुनी पद्धत होती. जंगलखात्याने तीवर निर्बंध घातले. धावडांच्या भट्ट्यांना कोळसा लागे. वृक्षतोडीस आळा बसताच त्यांचा धंदाही बुडाला आणि ते मजुरी व इतर व्यवसायांकडे वळले. या निर्बंधांनी पठाराची वनश्री टिकली यात शंका नाही. परंतु तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना हंगामात ओझी वाहणे, पालख्या उचलणे व लाकूडफाटा पुरविणे एवढाच नव्या नगरात वाटा मिळाला. स्वातंत्र्योत्तर काळात मधुमक्षिकापालनाने या कुटुंबांपैकी अनेकांना स्वतःचे असे उत्पन्न मिळवून दिले. सातेरी मधमाशी येथील वनस्पतींवर चांगली पोसते. आधीच्या पिढ्यांनी मध गोळा केला तो पोळी पिळून. पेटीतील पालनाची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. जवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर करण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : महात्मा गांधींनी १९४५ च्या उन्हाळ्यात येथे मुक्काम केला होता. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचा उन्हाळी दरबार संपला आणि पर्यटक म्हणून येणारा वर्ग पालटला. मोटार व एस. टी. यांमुळे मध्यमवर्ग आला, नंतर शनिवार-रविवारपुरता येणारा नागर प्रवासी आला. एका कुटुंबासाठी आखलेल्या बंगल्याच्या आवारात उपाहारगृहे व बहुमजली निवासगृहे उभी राहू लागली. ज्या झऱ्यांवर आणि तलावावर हंगामी वस्तीची तहान भागत असे, त्यांवर बारमाही वस्तीचा भार पडला. जांभ्याच्या थरात जसे पाणी मुरते तसेच सांडपाणीही मुरते, हे मूळ आखणीत गृहीत धरण्याची गरज नव्हती. वस्ती विरळ होती. या परिस्थितीत केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर–पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. बांधकामाची उंची, वृक्षतोड, खाणकाम, भूजलाचा उपसा इत्यादींवर त्यामुळे मर्यादा आल्या. मर्यादांचे उल्लंघन व त्यांवरील कारवाई हा तेव्हापासून येथील सार्वजनिक जीवनाचा नित्याचा विषय आहे. स्थानिक शेतकऱ्यांची तक्रार अशी की, घराला एक खोली वाढविण्यासही परवानगी लागते. आणि तिच्यात तथ्य आहे, कारण अधिसूचनेने मोठा व्यावसायिक व लहान खातेदार यांना पुष्कळदा एकाच मापाने मोजले.

मूळ नगरावरील ताण कमी करण्यासाठी कोयना खोऱ्याच्या बाजूस ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान विकसित करण्याची योजना राज्य शासनाने हाती घेतली असून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे तिचे नियोजन सोपविले आहे. २०२४ मध्ये पुढे आलेल्या प्रारूप आराखड्यात सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावांचा समावेश होता. हा भाग कास पठार, कोयना अभयारण्य व सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांना लागून असल्यामुळे पर्यावरणतज्ज्ञांनी योजनेवर आक्षेप घेतले आहेत. तर कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या व रोजगारासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांपैकी काहींना तीतून गावाकडे परतण्याची आशा वाटते. १८२९ च्या तहाच्या वेळी जमीन एका राजाची होती व एका सहीने ती हस्तांतरित झाली. येथे ती हजारो खातेदारांची आहे.